आधी तुळई, मग तालीम: सांगलीतील एका अडत-वाड्याची दुरुस्ती

वाडा गणपती पेठेतल्या एका आतल्या बोळात आहे. दर्शनी रुंदी २४ फूट, खोली ७२ फूट. पुढे १२ फूट खोलीचे दोन गाळे, त्यामागे २४ बाय ३० फुटांची वखार, मग १४ फुटांचा चौक आणि शेवटी १६ फुटांचा राहता भाग. वखारीवर माडी, माडीवर मंगलोरी कौलांचे छप्पर. वखारीत हळद आणि गुळाची थप्पी लागायची. पश्चिमेच्या भिंतीकडचा कोपरा काही वर्षे मीठ आणि खताच्या पोत्यांसाठी भाड्याने दिला होता. हा तपशील पुढे फार महाग पडला.

सांगलीचा घाऊक व्यापार मार्केट यार्डाकडे सरकला तशा पेठेतल्या अशा वखारी एकेक करून बंद झाल्या. आता त्याच बोळांत छायाचित्रकारांचे स्टुडिओ, कापडछपाईवाले, लहान ऑफिसे आणि चहा-कॉफीची ठिकाणे येऊ लागली आहेत. भाडे परवडते, बसस्थानक जवळ आणि जुन्या सागवानाचा रुबाब फुकट मिळतो. नाटकवाल्यांची गरज मात्र वेगळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभे केले ते याच गावात, आणि हौशी संघ इथे आजही भरपूर आहेत. पण नाट्यगृह मिळते ते प्रयोगाला. दोन महिने रोज संध्याकाळी तालमीला लागणारी जागा कोण देणार?

वाड्याचे मालक चार चुलतभाऊ. त्यांचा मूळ बेत सरळ होता: माडी पुरापासून सुरक्षित, म्हणून तालमीचा हॉल वर; खाली कॅफे आणि दोन ऑफिसे. नकाशाही तयार होता. दुरुस्ती संपली तेव्हा यातले जवळजवळ सगळे उलटे झाले होते. ते का उलटावे लागले, तेच या प्रकरणात पाहायचे आहे.

पाहणी

पहिले तीन दिवस काहीही फोडले नाही. ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, दाभण, लाकडी हातोडी आणि ओलावा मोजायचे हातातले यंत्र, एवढ्यावर काम भागले. नळीने पातळी काढल्यावर कळले की वखारीची फरशी पश्चिमेकडे पावणेदोन इंच खचली आहे आणि जोते रस्त्यापासून जेमतेम एक फूट उरले आहे. जुन्या पायऱ्या मोजल्या तर ते मुळात तीन फूट असावे. वाडा बुडालेला नाही, डांबराचे थर चढून चढून रस्ताच वर आला आहे. परिणाम तोच: चौकातली मोरी पूर्वी रस्त्याच्या गटारात उतरायची, आता गटारच मोरीपेक्षा उंच.

वखारीची रचना पेठेत सगळीकडे दिसते तशीच आहे. मधोमध खांबांची एक ओळ, दर ५ फुटांवर एक, असे पाच सागवानी खांब, सहा इंच चौरस. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर. खांबाच्या डोक्यावर हस्त (तुळयांना टेकू देणारे आडवे लाकूड), हस्तावर दोन्ही बाजूंनी येऊन टेकलेल्या तुळया. प्रत्येक तुळई ६ बाय ८ इंचांची, गाळा (म्हणजे दोन टेकूंमधले अंतर) १२ फूट, दुसरे टोक भिंतीत. तुळयांवर फूटभर अंतराने कड्या (बारीक आडवी लाकडे), कड्यांवर पाट (फळ्या), पाटांवर मातीची भर. मूळ भर पाच इंचांची. तिच्यावर नंतर कोणीतरी दोन इंच काँक्रीट ओतून शहाबादी बसवलेली.

दाभण दहाही तुळयांच्या टोकांत घालून पाहिले. सात ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरपलीकडे शिरले नाही. पश्चिम भिंतीतल्या तीन टोकांत मुठीपर्यंत गेले. हातोडी मारल्यावर चांगले सागवान खणखणते, आतून गेलेले भद्द वाजते. रंग काढून पाहायची गरजच पडत नाही.

हॉल वर का नेला नाही

भार मोजायला कॅल्क्युलेटर पुरतो, फक्त तो वेळेत उघडावा लागतो. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागानुसार खुर्च्या जमिनीला पक्क्या नसलेल्या सभागृहासाठी दर चौरस मीटरला ५०० किलो चल भार, म्हणजे माणसा-सामानाचा भार, धरावा लागतो. तालमीचा हॉल त्यातच येतो, कारण वीस माणसे एकाच तालावर पाय आपटतात. ऑफिसला, फाइलींची कोठी वेगळी असेल तर, २५० किलो पुरतात.

समजा मातीची भर आणि काँक्रीट काढून माडीला हलकी लाकडी जमीन केली, तर स्वतःचे वजन सुमारे १०० किलो. त्यावर ५०० मिळवले की ६०० किलो प्रति चौ. मी. तुळया दीड मीटर अंतरावर, गाळा ३.६ मीटर. या भाराने तुळईत वाकण्याचा ताण येतो सुमारे १४.६ न्यूटन प्रति चौरस मिमी. साधारण प्रतीच्या, घराच्या आत असलेल्या सागवानाला मुभा आहे ती १४ च्या आसपास. म्हणजे लाकूड कोरे करकरीत असते तरी काठावर. इथे खुंट्यांची भोके, जुन्या वायरिंगच्या खाचा आणि तीन कुजलेली टोके होती. शिवाय तुळई मध्यावर २० मिमीच्या पुढे लवकली असती. १२ फुटांच्या गाळ्याला १५ मिमीपलीकडे जाऊ देत नाहीत.

तीच माडी ऑफिस आणि स्टुडिओला द्यायची म्हणून थोडे वाढवून ३०० किलो धरले, तर ताण १० च्या आत येतो आणि लवक १४ मिमीच्या आत. चालते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे भर काढण्याचा फायदा. पाच इंच माती, दोन इंच काँक्रीट, शहाबादी आणि पाट मिळून जुन्या जमिनीचे नुसते वजनच ४३० किलो प्रति चौ. मी. भरत होते. नव्या जमिनीचे वजन आणि त्यावरची माणसे, टेबले, कपाटे धरूनही ४०० होते. म्हणजे माडी पूर्ण भरलेली असतानाही तुळयांवर आज जो भार येतो, तो पूर्वी माडी रिकामी असताना यायचा त्याहून कमी. जुन्या वाड्याला ताकद द्यायची म्हणून लोक लोखंड घालायला धावतात. आधी वरची माती उतरवा. इथे वखारीच्या माडीवरून आठ-दहा ट्रॉल्या राडारोडा निघाला आणि एकही नवी तुळई लागली नाही.

मातीची भर आवाज अडवते, ती काढली तर खालचा आवाज वर जाईल, हा एक रास्त आक्षेप आला. त्यावर उपाय असा केला: पाटांवर जुन्या सतरंज्यांसारखा दाबलेल्या तंतूंचा १० मिमी थर, त्यावर सुटे रूळ, त्यावर फळ्या. खालच्या तालमीचे संवाद वर ऐकू येतात, ढोलकी तर येतेच. ऑफिसवाल्यांना भाडेकरारातच सांगितले की संध्याकाळी साडेसहानंतर शांततेची हमी नाही.

माडीवर कायमची बंधने तीन: लोखंडी तिजोरी नाही, कागदांची थप्पी नाही, फरशी नाही. तिसरे बंधन सर्वांत आधी मोडले जाते. दहा वर्षांनी एखादा भाडेकरू हौसेने व्हिट्रिफाइड टाइल बसवतो आणि सगळा हिशेब पुन्हा शून्यावर येतो. म्हणून भाराचा आकडा माडीच्या चौकटीवर पितळी पट्टीत कोरून लावला आहे.

एक खांब, दोन नाही

हॉल खाली आल्यावर नाटकवाल्यांची मागणी आली: मधले दोन खांब काढा. एका खांबाने १० फुटांची मोकळी जागा मिळते, दोन काढले तर १५ फूट. मागणी वाजवी होती, खांबांऐवजी टाकायच्या लोखंडी चॅनेलचा (पन्हळीच्या आकाराच्या तुळईचा) हिशेबही बसत होता. २५० मिमी खोलीची दोन चॅनेल पाठीला पाठ लावून टाकली असती तर १५ फुटांवर लवकही नगण्य.

अडचण चॅनेलची नव्हती, तळखड्याखालच्या जमिनीची होती. प्रत्येक खांबाकडे माडीचे आणि छपराचे प्रत्येकी ५.४ चौ. मी. क्षेत्र येते. जुन्या जड जमिनीसह आणि घरगुती वापरासह एका खांबावर सुमारे ४.२ टन येत असत. इतकी वर्षे जमिनीने ते पेलले आहे आणि बसायचे तेवढे बसून झाले आहे. माडी हलकी केल्यावर हा आकडा २.९ टनांवर आला.

आता दोन खांब काढले, तर त्यांचे ओझे कडेच्या दोन खांबांवर जाऊन प्रत्येकी ५.८ टन होते. म्हणजे या मातीने आजवर पेलले त्याहून जवळजवळ चाळीस टक्के जास्त. कृष्णाकाठची गाळाची काळी माती, तीही दर मोठ्या पुरात आठवडाभर भिजणारी. तळखड्याखाली नवा पाया घ्यायचा तर खांब टांगून ठेवून खाली खोदायचे. शेजारची भिंत मातीची. कोणी जबाबदार माणूस त्यावर सही करणार नाही.

एकच खांब काढला, तर त्याचा अर्धा-अर्धा भार दोन्ही शेजाऱ्यांकडे जातो आणि प्रत्येकी ४.३५ टन होतात, म्हणजे जुन्या ४.२ च्या अगदी जवळ. जमिनीला नवे काहीच वाटणार नाही. तिसरा, म्हणजे मधला खांब काढायचे ठरले. २४ बाय १० फुटांची मोकळी जागा मिळाली. बहुतेक तालमींना ती पुरते, आणि उरलेले चार खांब नेपथ्य म्हणून वापरायला दिग्दर्शक लवकर शिकतात.

काम असे झाले. काढायच्या खांबाच्या दोन्ही बाजूंच्या तुळयांखाली, खांबापासून अडीच फुटांवर, लोखंडी धिरे उभे केले. धिऱ्यांखाली ३ इंच जाडीच्या फळ्या, म्हणजे ओझे फरशीवर पसरते. स्क्रू जॅक दर वेळी पाव फेरा, चारही जॅक आळीपाळीने. एकूण ३ ते ४ मिमी उचल, त्याहून जास्त नाही. तुळई करकरली की थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढे जायचे. खांब सैल झाल्याचे कळते ते हस्ताखाली पोस्टकार्ड सरकू लागले की. मग २०० मिमीची दोन चॅनेल, प्रत्येकी ३.४ मीटर लांब, दोन्ही मिळून दीडशे किलोच्या आसपास, शेजारच्या खांबांच्या डोक्यांवर १२ मिमी पत्र्याच्या बैठकीवर ठेवली. तुळयांची टोके आणि चॅनेल यांच्यात सागवानी पाचर. १५० मिमीची चॅनेलही चालली असती. थोडा जादा ताठपणा घेतला, कारण वरच्या माडीचा खांब आता थेट चॅनेलवर उभा आहे आणि छपराला हालचाल चालत नाही. कौले सरकली की गळती, आणि गळतीचे पाणी शोधत बसण्यात पावसाळा जातो.

जॅक उतरवायला चार दिवस घेतले. मध्यावर लवक मोजली ती अडीच मिमीच्या आत.

काढलेला खांब विकला नाही. कुजलेल्या तीन टोकांच्या दुरुस्तीला तोच कापून वापरला. त्याच वाड्यातले, त्याच वयाचे, पुरते वाळलेले सागवान. बाजारात पैसे टाकून असे मिळत नाही.

तुळयांची टोके

तीन टोके का कुजली याचे उत्तर भिंतीतल्या खोबणीत होते. २००५ च्या पुरानंतर भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला आणि त्याच वेळी गवंड्याने तुळईच्या भोवतालची फट सिमेंटने बुजवून टाकली. मुळात ती फट हवेसाठी असते. भिंतीतला ओलावा लाकडाच्या टोकाशी कोंडला की बुरशी येते, बुरशीमागे वाळवी.

दुरुस्तीत कुजका भाग कापून पुढे आणखी सहा इंच निरोगी लाकूड काढले, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, सांध्याची लांबी तुळईच्या खोलीच्या तिप्पट, म्हणजे २४ इंच. १२ मिमीचे स्टेनलेस बोल्ट प्रत्येकी चार आणि दोन्ही अंगांना ८ मिमी जाडीची पट्टी. टोकाशी वाकणे कमी आणि कातर (लाकूड आडवे कापू पाहणारा ताण) जास्त असते, म्हणून पट्टी भिंतीच्या आत टेकूपर्यंत नेली. टेकूला दगडी चिप, भोवती पाऊण इंच मोकळी जागा, आणि तोंडाशी चुन्याचा सैल भराव. सुतार लाकडाला ऑइलपेंट मारायला निघाला होता. नको. रंग ओलावा आत ठेवतो. जवसाचे तेल पुरे.

भिंती: मीठ, सिमेंट आणि घाई

पेठेतल्या कुठल्याही वाड्याची खरी डोकेदुखी इथे आहे, म्हणून जरा तपशिलात.

वखारीच्या बाजूच्या भिंती १८ इंचांच्या: खाली चार फूट काळा दगड, वर भाजलेल्या विटा, दर्जात (दगड-विटांच्या सांध्यांत) माती आणि चुना. अशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते आणि पृष्ठभागावरून उडवून देते. ओढणे आणि उडवणे यांचा तोल असतो तोवर ओल दोन-अडीच फुटांवर थांबते. सिमेंटचा गिलावा त्या उडण्याच्या वाटेवर झाकण घालतो. पाणी वाट शोधत वर चढते. या वाड्यात पाच फूट उंचीपर्यंत सिमेंट होते, आणि लोणा (भिंतीतून बाहेर येणारे मीठ) साडेसात फुटांवर फुटला होता. मालकांनी प्रत्येक वेळी लोण्याच्या वरपर्यंत आणखी सिमेंट चढवले. म्हणजे ओल हाकलत हाकलत माडीकडे पाठवली.

सिमेंट काढायला विजेचा ब्रेकर वापरला नाही. छिन्नी-हातोडा, तेही विटेच्या अंगाला समांतर. ब्रेकरच्या हादऱ्याने दर्जातली माती सुटते आणि वीट बाहेर येते.

त्यानंतर थांबायचे. ढोबळ नियम असा की भिंत महिन्याला एक इंच वाळते. पूर्वेची भिंत बोळाकडे, दोन्ही अंगांनी उघडी: नऊ इंच एका बाजूने, नऊ इंच दुसऱ्या, म्हणजे नऊ महिने. पश्चिमेची शेजाऱ्याला लागून, तिला एकच तोंड: दीड वर्ष. हातात होते फेब्रुवारी ते मे, चार महिने. म्हणून दोन भिंतींना दोन वागणुकी दिल्या. पूर्वेला पक्का चुन्याचा गिलावा. पश्चिमेला सच्छिद्र, कमी चुन्याचा ‘बळीचा’ गिलावा. त्याने मीठ स्वतःत घ्यायचे आणि काही वर्षांनी खरवडून टाकला जायचा.

मीठ-खताच्या कोपऱ्यात तेवढेही पुरेना. तिथली भिंत मेच्या उन्हाळ्यातही ओली दाखवत होती, कारण ही मिठे हवेतली वाफ ओढून घेतात. पाऊस असो नसो, आर्द्रता वाढली की भिंत घामेजते. तिथे कागदाचा लगदा आणि चिकणमाती कालवून इंचभर जाड लेप थापला. सुकायला तीन आठवडे. सुकताना पाण्याबरोबर मीठ लेपात येते. लेप काढून कचऱ्यात टाकायचा, परत मळून वापरायचा नाही. असे तीन वेळा. पहिल्या लेपाच्या पोटावर मिठाची पांढरी साय हातभर दिसली, तिसऱ्यावर नुसती झाक होती.

चुन्याचे प्रमाण: एक भाग मुरवलेला चुना, दोन भाग चाळलेली वाळू, एक भाग विटेची सुरकी (पूड). सुरकी हवीच. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि पुराच्या गावात भिंत महिनोन् महिने ओली राहिली की तो घट्टच होत नाही. सुरकी चुन्याला ओल्यात जमायला मदत करते. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवला. न फुटलेला खडा गिलाव्यात गेला तर वर्षभराने फुगतो आणि टिकली उडते. मसाल्यात हिरडा आणि गूळ भिजवून आंबवलेले पाणी. १०० चौरस फुटांना दोन थरांत मिळून २० मिमी जाडीसाठी सुमारे ९ घनफूट कोरा मसाला लागला, त्यात सव्वादोन घनफूट चुना. वीट उघडी पडून खड्डे असतील तर याहून जास्त लागतो, ठेकेदाराशी बोलणी करताना हे आधी सांगावे. कामगारांना चष्मा सक्तीचा. डोळ्यात चुना गेला की भरपूर पाण्याने धूत दवाखाना गाठायचा, तूप लावत बसायचे नाही.

चूक झाली ती मागच्या बोळकांडीत. जूनचा शेवटचा आठवडा, ठेकेदाराला काम उरकायचे होते. १८० चौरस फूट गिलावा पावसात ओढला, वर लवकर जमावा म्हणून मसाल्यात ओंजळभर सिमेंट टाकले. ऑगस्टमध्ये हात फिरवला की पांढरी पूड हाताला. हवा दमट, छिद्रे पाण्याने भरलेली. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत जाणार कुठून? आणि एवढेसे सिमेंट चुन्याला धड जमूही देत नाही आणि स्वतःही ताकद देत नाही. सगळे खरवडून ऑक्टोबरमध्ये पुन्हा केले. सांगलीत चुन्याचे काम ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्येही करता येते, पण ओले गोणपाट टांगून दिवसातून तीनदा पाणी मारावे लागते, नाहीतर थर करपतो.

रंग म्हणून फक्त चुन्याची सफेदी. कॅफेवाल्याने गडद निळा ऑइलबाँड मागितला होता, त्याला लाकडी चौकटींवर ताणलेले कापड दिले.

पूर येणार असे धरून

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० च्या वर. वखारीच्या भिंतीवर २०१९ ची रेघ फरशीपासून ४ फूट ८ इंचांवर आहे. ती पुसली नाही, तिच्यावर पितळी खिळे मारले. पुढचे सगळे तिथून मोजले.

पहिला प्रश्न दारांना पाणी अडवणाऱ्या फळ्या लावायच्या का, हा. उत्तर नाही. बाहेर ४ फूट ८ इंच पाणी आणि आत कोरडे असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे एक टनाचा आडवा रेटा येतो. भिजलेल्या मातीच्या दर्जाची १८ इंची भिंत तो सोसणार नाही. आत पाणी आले तर साफसफाई करावी लागते, न आले तर भिंत आत येते. म्हणून दारे उघडी ठेवायची आणि दोन्हीकडची पातळी सारखी होऊ द्यायची.

दुसरे, नदी रस्त्याने येण्याआधी गटारातून येते. चौकातल्या मोरीला झडपेचा वाल्व्ह बसवला. पाणी बाहेर जाते, आत येताना झडप मिटते. दर पावसाळ्याआधी त्यातला पाला काढावा लागतो, नाहीतर झडप अर्धी उघडी अडकते आणि नसल्यासारखीच. संडास मागच्या भागात, जमिनीपासून १८ इंच उंच ओट्यावर. सांडपाण्याला सर्वांत खालचे तोंड तेच असते. भल्या माणसाच्या वाड्यात पूर संडासातून शिरतो, हे चित्र कोणाला नको.

वीज: मीटर आणि मुख्य बोर्ड जिन्यालगत ७ फुटांवर. तळमजल्याच्या सर्व वायरी वरून खाली येतात, खालून वर एकही नाही. सॉकेट ५ फूट ६ इंचांवर. दिसायला विचित्र, पण तालमीत एक्स्टेन्शन बोर्ड लोंबत ठेवावे लागतात तेवढेच. तळमजल्याला स्वतंत्र मुख्य स्विच आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर. दिवे एलईडी, म्हणून डिमर लहान आणि तो माडीवर.

हॉलच्या जमिनीला शहाबादीच, चुन्यात बसवलेली, सांधे उघडे. लाकडी रंगमंच हवाच होता म्हणून १८ मिमी मरीन प्लायचे ३ बाय ४ फुटांचे वीस सुटे तुकडे केले, रुळांसह प्रत्येकी वीस किलोच्या आत. दोघे जण अडीच फुटी जिन्याने कडेवर उभे धरून वर नेऊ शकतात. इथेही तुळई आठवावी लागते: वीसही तुकडे एकावर एक रचले तर १.१ चौ. मी. जागेत ४०० किलो होतात, म्हणजे माडीच्या मर्यादेपलीकडे. म्हणून भिंतीलगत दोन वेगळ्या थप्प्या, कधीही तुळईच्या मध्यावर नाही. प्रतिध्वनी मारणारे दगडी लोकरीचे पडदेही हुकांवरच, तेही वर जातात.

पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. या वाड्यात सामान हलवायला सुरुवात ३५ वर. पाणी ओसरले की गाळ ओला असतानाच, पहिल्या दोन दिवसांत, साध्या पाण्याने धुवायचा. सुकला की विटेच्या छिद्रात पक्का बसतो. हॅलोजन लावून भिंत शेकायची नाही. दारे-खिडक्या उघड्या आणि पंखे, एवढेच. घाईने वाळलेल्या भिंतीचा पृष्ठभाग कोरडा दिसतो आणि मीठ त्याच्या मागे बसते.

चौक, भूकंप, कागद

चौकावर थेट पारदर्शक पत्रा टाकायचा बेत होता. त्याने भिंतींचा श्वास गेला असता. त्याऐवजी छपराच्या कडेपेक्षा दोन फूट उंच उचललेले छत केले, चारही बाजूंना झरोक्यांच्या पट्ट्या. पावसाचा शिंतोडा येतो, तो चालवून घेतात.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगलीतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. भिंत आणि माडी एकमेकांना बांधलेली नसतील तर हादऱ्यात भिंत बाहेर पडते. पूर्वेला प्रत्येक दुसऱ्या तुळईला १६ मिमी सळई भिंतीतून बाहेर नेऊन २०० मिमी चौरस प्लेट बसवली. पश्चिमेला भिंत सामाईक, शेजाऱ्याच्या खोलीत प्लेट येणार, त्यांची संमती दोनच ठिकाणी मिळाली.

कागदांनी भिंतींपेक्षा जास्त वेळ खाल्ला. मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव, वारसनोंद अपुरी, आणि एका गाळ्यात जुना भाडेकरू. त्याच्याशी दुरुस्तीच्या काळातली पर्यायी जागा, परतीची तारीख आणि तेवढेच क्षेत्रफळ हे तीन मुद्दे लेखी केले, तेव्हा तो हलला. महापालिकेकडे वापरबदल आणि संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र एकत्र दिले. हॉलची क्षमता ४० माणसांवर बांधली. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ५० माणसे जमली की ती सभागृहाची इमारत ठरते, मग जिने, बाहेर पडायच्या वाटा आणि अग्निशमन यांचे नियम बदलतात. अडीच फुटी जिन्याच्या वाड्याने त्या वाटेला जाऊ नये. तालमीला ४० पुरतात. तिकीट लावून प्रयोग करायचा मोह झाला तर भावे नाट्यगृह आहेच.

आज माडीवर दोन ऑफिसे आणि एक स्टुडिओ, खाली संध्याकाळी तालीम, सकाळी रिकामा हॉल योगवर्गाला. पुढच्या गाळ्यात चहा. पश्चिमेच्या भिंतीचे ओलाव्याचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सहा ठरावीक बिंदूंवर, वहीत लिहिले जातात. मिठाच्या कोपऱ्यातले दोन बिंदू अजून खाली आलेले नाहीत. तिथला गिलावा पुढच्या ऑक्टोबरात खरवडायचा आहे आणि चौथा लेप लावायचा आहे; लगद्यासाठी रद्दी माडीवर साठवू नका, असे ऑफिसवाल्यांना आत्ताच सांगून ठेवले आहे.